डाव्या बैलाचं आवतण

सिंदी मेघेची वस्ती संपून कपाशीची वावरं सुरू होतात, तिथं एका ट्रस्टचं प्राणी-उद्यान होतं. त्याच्या मागच्या कोपऱ्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. त्या कोपऱ्याची पाटी चार वेळा बदलली, पत्रा मात्र तोच राहिला. रंगारी जुन्या अक्षरांवर नवा रंग फासायचा आणि दोन पावसाळ्यांत जुनं चित्र पुन्हा डोकवायला लागायचं.

मी लागलो तेव्हा, नव्वदनंतरच्या त्या दिवसांत, पाटी होती 'हरणवन'. सात चितळं होती. परवानगीचं काहीतरी अडलं आणि एक दिवस सरकारी गाडी येऊन ती घेऊन गेली. मग आलं 'सशांचं गाव'. सशांनी सहा महिन्यांत कुंपणाखालून बिळं खणली, उरलेले मांजरांनी नेले. उद्यानाचे मॅनेजरसाहेब मला म्हणाले, "तुले चार ससे सांभाळता येत नाई?" मी म्हटलं, "साहेब, सशाले काई खुंट्याले बांधता येत नाई." नोकरी थोडक्यात वाचली. माझ्या जिभेला हाड नाही असं बायको म्हणते, ते खोटं नाही. म्हणूनच पुढचं सांगताना लाज वाटते. जिथं बोलायला हवं होतं, नेमकी तिथंच ही जीभ टाळूला चिकटली.

तिसरी पाटी 'आपलं खेडं'. वस्तीतल्या पोरांनी बैल फक्त पुस्तकात पाहिलेला, म्हणून शेणानं सारवलेली दोन घरं उभारली, कोंबड्या सोडल्या आणि पोरांना फिरवायला एक छकडा ठेवला. छकड्याला गवळाऊ जातीच्या बैलांची जोडी तळेगावच्या बाजारातून मीच निवडून आणली. दोघं पांढरे, एका मापाचे. जुवाच्या ज्या बाजूला बैल शिकतो ती बाजू तो मरेपर्यंत सोडत नाही, म्हणून एक डावा आणि दुसरा उजवा, एवढीच त्यांची ओळख. उजवा तिरसट, जवळ आलेल्या माणसावर मान झटकायचा. डावा मात्र शेवटचं पोर छकड्यात नीट बसेपर्यंत पाऊल उचलायचा नाही. त्याला हाकलावं लागलंच नाही कधी. माझी पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली होती, दिवसभर मी त्याच्याशीच बोलायचो.

चार वर्षांत खेड्याचीही नवलाई ओसरली. साहेबांच्या डोक्यात सिमेंटचे डायनासोर शिरले. ते मला सरळच म्हणाले, "पोळ्यापर्यंत पाहू. पोळ्याले गर्दी झाली तं खेडं राहीन. नाई झाली, तं जोडी बाजारात."

उतरत्या वयाची जोडी बाजारात कोण घेतं आणि कशाला, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझी झोप उडाली. मग मला एक युक्ती सुचली, आणि ती माझीच होती, दुसऱ्या कोणाची नाही.

आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखालून सुटले की दारोदार जातात. घरची बाई पाय धुते, कुंकू लावते, पुरणपोळीचा घास देते आणि बैल पुढच्या दारी जातो. वस्तीत दारं शेकडो झाली होती, बैल एकही नव्हता. बायका पाटावर मातीचे बैल मांडून भागवायच्या. मी चार दिवस सायकलवर गल्ल्या पालथ्या घातल्या. "बाई, मातीच्या बैलाले काऊन निवद दाखवता? आमच्या इथं खरी जोडी हाय. ताट घेऊन येजा." प्रत्येक दारी तेच. बायका हरखल्या.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आम्ही बौद्ध. नाचणगावजवळच्या आमच्या खेड्यात माझ्या आज्याची जोडी पोळ्याच्या तोरणाखाली सगळ्यात शेवटी उभी राहायची आणि मोठ्या घरांच्या दारी तिला कोणी बोलवायचं नाही. छप्पन सालानंतर वडिलांनी पूजा सोडली. "बैलाले एक दिवस सुट्टी द्या, तेच त्याचं पूजन," म्हणायचे. तरी लहानपणी दुसऱ्यांचे बैल ओवाळले जाताना मी लांबून पाहायचो. ते लांबून पाहणं मी पन्नाशीपर्यंत सांभाळून ठेवलं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी दोघांचे खांदे तुपाहळदीनं मळले. ते करताना शेतकरी म्हणतात ते मीही म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." डाव्यानं माझा हात चाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला फाटक उघडलं आणि मी पाहतच राहिलो. रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत. नवी लुगडी, ताटं, पेढीवाल्यांच्या घरच्या बायका, नोकरदारांच्या, मास्तरणी. साहेब खूष होऊन हात चोळत फिरत होते. गावात एका जोडीला वीसेक दारं असतात. इथं एका जोडीला अख्खी वस्ती, हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नाही. उजव्यानं पहिल्याच ताटाला मान झटकली, तशा सगळ्या बायका डाव्याकडे वळल्या. तो शहाण्यासारखा उभा राहून एकेकीच्या हातचं घेत होता. पोळी, पुन्हा पोळी, वर गूळ, भिजवलेले गहू.

तासाभरात त्यानं तोंड फिरवलं. मला दिसलं. मी शेतकऱ्याच्या पोटचा, मला दिसणार नाही? "नको" एवढं म्हणायचं होतं. पण पुढची बाई म्हातारी होती. तिनं बैलाला ओवाळलं आणि ताटातलं कुंकू माझ्याही कपाळाला लावलं. म्हणाली, "तुमच्यामुयं घडलं बाप्पा हे. किती वर्सानं." पाठोपाठ, पोळ्याला बैलवाल्याला देतात तो बोजारा म्हणून माझ्या हातावर एक नारळ ठेवला. ज्या दारी माझ्या आज्याचा बैल गेला नाही, ती सगळी दारं माझ्यासमोर रांगेत उभी होती. त्यांना परत कसं पाठवू? म्हणतील, याला पोळ्याचं काय. साहेब म्हणतील, गर्दी घालवली. आणि खरं सांगायचं तर मला हे थांबू नये असंच वाटत होतं. मी डाव्याचं तोंड हातानं वळवून ताटाकडे केलं. माझ्या हातानं. एकदा नाही, पुष्कळदा.

घरी जाताना पाहिलं, तो रवंथ करत नव्हता. थकला असेल म्हणालो.

सकाळी तो बसलेला होता. डावी कूस ढोलासारखी तट्ट, दात करकर वाजवत होता, शेण पातळ आणि आंबूस. मी तसाच सायकल काढून गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. सणाची सुट्टी, ते दहाला आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काय खाऊ घातलं?" मी सांगितलं. "किती?" मी म्हटलं, "रांग डांबरी रस्त्यापर्यंत होती."

खायचा सोडा पाण्यात कालवून बांबूच्या नळीनं पाजला. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, "आत सगळं आंबलं आहे. उभा राहिला तर आशा आहे." मग मी त्याला उभा करायला लागलो. पोटाखालून पोती घालून चौघांनी उचललं, शेपटी पिळली, शिव्या घातल्या, हात जोडले. बुद्धाला हात जोडले, आणि ज्या देवांशी आमचं काही नातं उरलं नव्हतं त्यांनाही जोडले. तो दोन वेळा अर्धा उठला. मी ऊठ म्हणतोय म्हणून तो उठायचा, हे मला कळत होतं, आणि तेच सोसत नव्हतं. उजवा जागच्या जागी खुंटा ओढत होता.

तो दिवस तान्ह्या पोळ्याचा. लहान पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात, आणि आदल्या दिवसाची गर्दी पाहून साहेबांनी तो कार्यक्रम आमच्याच खेड्यात ठेवला होता. तीनपासून पोरं यायला लागली. साहेब आले, म्हणाले, "पोट्टे इचारतीन तं झोपला हाय म्हणजो." मी तेही म्हटलं. विचारणाऱ्या प्रत्येकाला म्हटलं, झोपला आहे. त्याची मान माझ्या मांडीवर होती आणि श्वास मोजता येईल इतका लांब पडत होता.

एक परकर घातलेली पोर चाकाचा लाकडी बैल ओढत कुंपणातून आत आली. तिच्या हातात पुरणपोळीचा तुकडा होता. तिनं वाकून तो डाव्याच्या तोंडाशी नेला.

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की वाजंत्री थांबली. पोर रडायला लागली, तिची आई धावत आली. पोळ्याआधी मी तिलाच सायकलवरून आवतण दिलं होतं का, ते आठवेना. जो शब्द काल हळू आवाजात म्हटला असता तरी पुरला असता, तो मी त्या लेकरावर फेकला. ते रडणं चालू असतानाच डाव्यानं पाय ताणले आणि तो गेला.

उजव्याला तळेगावकडच्या एका शेतकऱ्यानं नेलं. त्याचा डावा शिल्लक होता आणि उजवा हवा होता. तेवढं एक बरं झालं.

जोडी मोडली तसं खेडंही मोडलं आणि चौथी पाटी लागली डायनासोरची, पण त्यांच्या शेपट्या पहिल्याच उन्हाळ्यात तडकल्या. मग पाचवी पाटी लागली, पुन्हा खेड्याचीच, फक्त या वेळी बैल सिमेंटचे. मी झाडांना पाणी घालायला राहिलो. पोळा आला तशा बायका ताटं घेऊन आल्या आणि सिमेंटच्या बैलांच्या तोंडाला पोळी लावू लागल्या. पुरण ओठांवरून गळत होतं. रांग सरळ डावीकडच्या बैलापुढे लागली होती, का कोण जाणे.

मी पुठ्ठ्यावर कोळशानं 'खाऊ घालू नये' असं लिहिलं आणि त्याच्या गळ्यात अडकवलं. साहेबांनी पाहिलं आणि हसू लागले.

"अरे, सिमिटाच्या बैलाले काय होते बे?"

"त्याले काई होत नाई, साहेब," मी म्हटलं. "मले होते."