साडूंच्या सायकलीला फिल्म

खोळ, कव्हर, प्लॅस्टिक, फिल्म, जे म्हणून वस्तूच्या अंगावर चढवतात त्या सगळ्यांचा आमच्या थोरल्या साडूंइतका कट्टर वैरी उभ्या नागपूर जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो. उंचेपुरे, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण समोर नवी वस्तू आली आणि तिच्यावर प्लॅस्टिक दिसलं की त्यांची बोटं वळवळायला लागत. मग बोलता बोलता त्यांचं नख एका कोपऱ्यात शिरे आणि तुमचं बोलणं संपेपर्यंत वस्तू सोलून झालेली असे. आमच्याकडे फ्रिज आला तेव्हा दारावरची निळी फिल्म मी वर्षभर जिवापाड सांभाळली होती. हे चहाला आले, कप घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, आणि परत आले ते एका हातात कप आणि दुसऱ्या हातात फिल्मची गुंडाळी घेऊन. ती माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "घे गा. आज तुह्या घरी फ्रिज आला."

इथे हेही सांगितलं पाहिजे की मी स्वतः झाकणारा माणूस आहे. आमच्या टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो आणि पिशवीला रबर असतं. स्कूटरच्या सीटवर कव्हर आहे, आणि ते खराब होऊ नये म्हणून त्यावर आणखी एक आहे. त्यामुळे आम्ही दोघं एका सासऱ्याचे जावई कसे झालो हे कोडं आमच्या बायकांना अजून सुटलेलं नाही. साडूंनी मात्र मला कधी हिणवलं नाही. घरी येत, सोफ्यावर बसत, रिमोटकडे बघत आणि आजाऱ्याची चौकशी करावी तसं हळूच विचारत, "काहून कोंडून ठेवलं गा त्याले?"

त्यांच्या या व्रताला स्थळ-काळाचं भान नव्हतं. एका भाचीच्या लग्नात नवरीची पाठवणी चालली होती, बायका रडत होत्या, आणि हे सजवलेल्या नव्याकोऱ्या गाडीत शिरून सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडत होते. मुलाचे वडील लालबुंद झाले. साडू गंभीरपणे म्हणाले, "मे महिना आहे, व्याहीबुवा. पोरगी यावर बसली तं उतरताना अर्धा शालू सीटलेच चिकटून राहीन." दवाखान्यात डॉक्टर औषधं लिहून देईपर्यंत त्यांनी टेबलावरच्या ब्लडप्रेशरच्या यंत्राची फिल्म काढून नीट घडी करून डॉक्टरांच्या पेपरवेटखाली ठेवली होती. पाहुण्यांसाठी म्हणून माझ्या मेहुणीने, ताईंनी, काचेच्या कपाटात जपलेल्या डिनर सेटमध्ये हे रोज रात्री वरण-भात खात. ताई म्हणायच्या, "भाऊजी, ह्या माणसानं घरात एक वस्तू नवी राहू दिली नाही. बाईमाणसानं हौस करावी तं कशाची करावी?" पण म्हणताना त्या स्वतःही त्याच ताटात जेवत असायच्या.

या सगळ्याच्या मुळाशी एक सोफा होता. साडूंचे थोरले बंधू काटोलला राहत. त्यांनी घर बांधलं आणि हौसेने दिवाणखान्यात मोठा सोफा आणला. प्लॅस्टिक काढू दिलं नाही. लेकराबाळांना त्यावर बसू दिलं नाही. स्वतः ते आयुष्यभर ओसरीतल्या खुर्चीवर बसत आणि तिथून सोफ्यावर नजर ठेवत. ते गेले तेव्हा सांत्वनाला माणसं आली, घरात बसायला जागा पुरेना, म्हणून कुणीतरी ते प्लॅस्टिक काढलं आणि परकी माणसं त्या सोफ्यावर ऐसपैस टेकली. साडू भावाच्या त्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभे राहून ते बघत होते. मला हे त्यांनी एकदाच सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "तो सोफा माह्या भावाले काय म्हणत असंन?"

जन्मभर हिंगण्याच्या कारखान्यात कंपनीच्या बसने गेलेल्या या माणसाने रिटायर झाल्यावर सायकल घेतली, तीही साधी नाही. जाड टायरची, गिअरची, डोंगर चढायची. मी म्हटलं, "भाऊ, नागपुरात डोंगर कुठे आहे?" ते म्हणाले, "उड्डाणपूल काय कमी आहेत गा?" आणि खरोखरच ते रोज पहाटे पूल चढायचे आणि उतरायचे. त्या सायकलवरून दळण आलं, संत्र्यांच्या पेट्या आल्या, एकदा ताईंची शिवणाची मशीनही दुरुस्तीला गेली. सायकल भिंतीला घासली, खांबाला आपटली, गाईने तिला शिंग मारलं. दर ओरखड्याची गोष्ट त्यांना पाठ होती आणि पाहुण्याला ते ती सायकल आपल्या नातवासारखी कौतुकाने दाखवत. मी मात्र रुमाल काढून एखादा ओरखडा पुसून निघतो का बघत असे.

मग साडूंच्या मुलाने त्यांना पुण्याला बोलावलं. नातवाला शाळेतून आणायला कुणीतरी हवं होतं, ताईंचे गुडघे गेले होते, आणि मुलगा चांगला आहे. त्याने मनापासून बोलावलं होतं. नाही म्हणायला जागा नव्हती. घर भाड्याने द्यायचं ठरलं. साडूंना जायचं नव्हतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, ते मात्र बोलत नव्हते. फक्त एकदा माझ्याशी म्हणाले, "आपल्या घरी माणूस पाय लांब करून बसते. पोराच्या घरी किती लांब करावे, हे कोणाले विचारू?" मी म्हटलं, "होईल सवय." आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो, कारण मला तेव्हा सांगायचं होतं की जाऊ नका.

निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "सायकलले फिल्म लावाले जायचं आहे. येतो का?" मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. मी दोनदा विचारलं. "हाव, फिल्म. गाड्यांले लावतात तशी. पारदर्शक." प्रताप नगरात एक दुकान आहे, तिथे महागड्या मोटारींना अशी फिल्म चढवतात. आम्ही गेलो तेव्हा तिथे साडूंच्या सायकलीशेजारी एक मोटार उभी होती, आणि ती मोटार जरा अवघडल्यासारखी वाटत होती. मला मनातून दुःख झालं. पुण्याला न्यायची म्हणून हे सायकल सजवताहेत, म्हणजे आत्ताच बदलले, असं मला वाटलं. पुढे तिकडे आणखी काय काय झाकतील कोण जाणे.

दुकानदार चाळिशीचा, कामाचा माणूस होता. त्याने सीट, चाकं, पॅडल सगळं सुटं केलं, सांगाडा धुतला, पुसला आणि म्हणाला, "अंकल, आधी पॉलिश करून हे ओरखडे काढून टाकतो. नाही तर फिल्मच्या खाली कायमचे दिसत राहतील."

"दिसू द्या," साडू म्हणाले.

"खराब दिसेल ना, अंकल. एवढा खर्च करून राहिले तुम्ही."

"एकही काढायचा नाही."

मग साडू स्टुलावर बसले आणि दुकानदाराचं काम बघत राहिले. तो साबणाचं पाणी मारी, फिल्म ठेवी, रबरी पट्टीने पाणी बाहेर लोटी, गरम हवेने कड बसवी. ओरखडा आला की साडू सांगत, हा मेडिकल चौकातला, हा गाईचा, हा शिवणाच्या मशीनचा. दुकानदार आधी हूं हूं करत होता, नंतर स्वतःच विचारू लागला, हा कुठला, अंकल. एकेका ओरखड्यावर फिल्म बसत गेली आणि साडूंचा आवाज खाली येत गेला. संध्याकाळपर्यंत सायकल चकचकीत झाली आणि तिची सगळी भांडणं तिच्या अंगावर स्पष्ट दिसत राहिली.

सगळं परत जोडताना दुकानदाराने विचारलं, "सीट कितीवर ठेवू? तुमच्या उंचीवर?"

"नाही," साडू म्हणाले. "ह्याच्या."

आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्यांच्या खांद्यालाही लागत नाही. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि सीट अगदी तळापर्यंत बसवली. मी म्हटलं, "भाऊ, मला कशाला? आणि द्यायचीच होती तर फिल्म कशाला?"

"तुले उघडी सायकल दिली असती तं तू तिले चादर पांघरून ठेवली असती," ते म्हणाले. "मी ओळखतो ना गा तुले. आता लागली फिल्म. आता तुले भेव कायचं? खालचे ओरखडे माहे. वर तुहे पडू दे."

ज्या माणसाने आयुष्यभर जगाची प्लॅस्टिकं सोलली, त्याने माझ्या स्वभावासाठी पदरचे पैसे मोडून एक फिल्म लावून घेतली. मी खाली वाकून पॅडल फिरवत राहिलो. वर पाहिलं असतं तर रडलो असतो, आणि प्रताप नगरात भर रस्त्यावर दोन साडूंनी रडावं हे बरं दिसलं नसतं. सायकल हाताने चालवत मी मनीषनगरला घरी आणली. ते दोघं पुण्याला गेले. आणि मी, खरं सांगायचं तर, सायकलीवर चादर पांघरली. फिल्म एवढी महागाची, तिला धूळ लागू नये म्हणून.

दिवाळीनंतर कामाने पुण्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडे उतरलो. मुलाचं घर छान आहे, नवव्या मजल्यावर, हवेशीर. हॉलमध्ये नवा सोफा होता, प्लॅस्टिकसकट. साडू त्याच्या कडेला बसले होते. हलले की प्लॅस्टिक करकर वाजे, म्हणून ते हलत नव्हते. मी आधी सोफ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे. हात मांडीवर एकात एक गुंतवून ठेवले होते. ताईंना माझ्या मनातलं कळलं. स्वयंपाकघरात मला पाणी देताना त्या हळूच म्हणाल्या, "इथं ते कशालेच हात लावत नाहीत, भाऊजी. आल्या आल्या एकदा वॉशिंग मशीनचं कव्हर काढलं होतं. सूनबाई एका शब्दानं बोलली नाही, खूप गुणाची आहे. दुसऱ्या दिवशी तिनं नवीन आणून घातलं, एवढंच." मी पेला तसाच ओट्यावर ठेवला.

बाहेर आलो तर साडू वाटच बघत होते. "चालवतो ना गा?"

"हो," मी म्हणालो.

"ओरखडा पडला का?"

माझ्या डोळ्यांसमोर ती चादर आली. ज्या फुलाफुलांच्या चादरीखाली सायकल होती, ती मी एकदाही उचलली नव्हती. मी म्हणालो, "पडला ना. मोठा पडला. हिंगणा रोडच्या पुलावरून उतरताना मीच घसरलो. खालच्या दांडीवर वीतभर."

"फिल्म फाटली?"

"फाटली."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "ऐकलं का वं," त्यांनी आत हाक मारली, "हा पडला. पुलावरून." मला लागलं का हे ताईंनी विचारलं, त्यांनी नाही. त्यांनी मला सगळं परत सांगायला लावलं. ब्रेक आधी पुढचा दाबला की मागचा, समोरून कोण येत होतं, उठल्यावर पहिल्यांदा काय पाहिलं. मी सांगत गेलो. ऐकता ऐकता ते सोफ्यावर मागे टेकले, पाय लांब केले, आणि प्लॅस्टिक केवढ्यानं तरी वाजलं ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. जेवताना त्यांनी ती हकिगत मुलाला सांगितली, सुनेला सांगितली. फाटलेल्या फिल्मवर चिकटपट्टी लावायची का, असं नातवाने विचारलं तर म्हणाले, नाही, राहू दे तसंच.

नागपूरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मी चादर काढली. बायको दारात येऊन म्हणाली, "या वयात हे काय सुचून राहिलं तुम्हाले?" मी म्हटलं, हिंगणा रोडला जाऊन येतो. सीट माझ्या उंचीची होती. पाय नीट टेकत होते. कंपनीच्या बसेस कामगारांना घेऊन बाजूने जात होत्या, मी कडेकडेने, प्रत्येक खड्डा चुकवत चाललो होतो. पूल चढताना छाती फुटायची वेळ आली, अर्ध्यावर उतरून ढकलत नेली. वर पोचल्यावर एक पाय टेकून थांबलो. समोर लांबच लांब उतार होता. पडायचं कसं हे मला ठाऊक नव्हतं, मला कधी कुणी ते शिकवलं नव्हतं. पण साडू तिकडे पुण्यात इमारतीखालच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनाही एव्हाना सांगून बसले असणार की माझा साडू पुलावरून पडला. मी ब्रेकवरची बोटं सैल केली.