रूथची रोजची वाक्यं

नवी नवी मास्तरीण होते तेव्हा 'स्ट्रगल' हे इंग्रजी क्रियापद शिकवायला मी पदर स्वतःभोवती गुंडाळून भर वर्गात तडफडून दाखवलं होतं. काय तो अभिनय! शिपाईण सखूबाई दारातूनच ओरडली, "बाईंना फीट आली! कांदा आना, कांदा!" आणि खरंच कुणाच्या तरी डब्यातला कांदा फोडून माझ्या नाकाला लावला. मी शुद्धीत आहे हे पटवताना जी माझी दमछाक झाली, तोच खरा धडा होता.

शेजारच्या वर्गातून रूथ आली. तीही इंग्रजीचीच शिक्षिका, माझ्याहून थोडी मोठी. आधी पोट धरून हसली, मग मुलींना म्हणाली, "घरी कोण काय करताना झगडतंय, ते या शब्दात सांगा. पण खरं सांगायचं. खोटं वाक्य मी तपासत नाही." एकीची आई टँकरपाशी हंडा भरायला स्ट्रगल करत होती, एकीचे आजोबा सुईत दोरा ओवायला. जोर लावायचा, सोडायचं नाही, आणि तरी सहज जमत नाही... मला तोवर हा शब्द फक्त मोर्च्यांतलाच वाटायचा!

निवृत्तीनंतर आम्ही दोघी नगरच्या सावेडी भागात आपापल्या घरी राहायला आलो. रोज सकाळी फोनवर रूथचं याच शब्दाचं एक वाक्य यायचं आणि मी त्याला मार्क द्यायचे. म्हातारपणाचे चाळे, दुसरं काय! या उन्हाळ्यात ती बरणीचं झाकण उघडायला स्ट्रगल करत होती. मग जिना चढायला. मग चर्चमध्ये गाण्याची ओळ एका दमात म्हणायला. मी म्हटलं, "म्हातारे, आंबे कमी खा! दहापैकी तीन. नापास!" ती हसली. धापा टाकत हसली, हे मला आत्ता ऐकू येतंय...

गेल्या महिन्यात सकाळी फोन वाजला. तिची मुलगी एस्तेर होती. "मावशी, आई गेली."

"एवढ्या सकाळी कुठे गेली?" मी विचारलं. खरंच विचारलं.

दफनविधीहून परतताना कळलं की तिचं हृदय थकल्याचं डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं. घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ तिने एस्तेरला घातली होती. मी रस्त्यातच थांबले. खोटं वाक्य ती कधी करायची नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती रोज सकाळी सांगत होती, आणि मी शहाणी मार्क देत बसले होते.

"मला तरी सरळ का नाही सांगितलं गं तिने?" मी एस्तेरला विचारलं.

ती म्हणाली, "मीही तेच विचारलं होतं, मावशी. आई म्हणाली, घरात आता सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. ती एकटी मला अजून नापास करते. तेवढं राहू दे."