गौरीचा कणा आणि बंद रस्ते

"हा खांद्याचा दोष नाही. हिचा कणा वाकतोय," सोलापूरचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. मणक्यांची रांग इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली मलाही दिसली. माझी मुलगी गौरी तेव्हा सातवीत होती. कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या खटकचिंचोळीला आमचं कापडाचं दुकान आहे. ड्रेसचं माप घेताना तिचा एक खांदा उंच वाटला, एवढ्यावरूनच दाखवायला नेलं होतं.

या आजाराला स्कोलिओसिस म्हणतात. कणा एका बाजूला वळतो आणि स्वतःभोवती थोडा फिरतोही. डॉक्टरांनी ब्रेस दिला, म्हणजे काखेपासून कमरेखालपर्यंत कडक प्लास्टिकचा पट्टा. "मुलगी वाढत्या वयात आहे. तपासणी चुकवू नका," ते बजावून म्हणाले.

पहिल्या तपासणीत वाक वाढला नव्हता. दुसरीच्या आधी लॉकडाऊन लागला.

सोलापूरच्या वाटेवर, उमरग्याच्या अलीकडे राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर पोलीस गाड्या परत फिरवत होते. बिदरच्या दवाखान्यात खाटा कोरोनाला दिलेल्या. सोलापूरची ओपीडी बंद. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, ब्रेस नीट बसतो का? गौरीने मान हलवली, मी हो म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात तिला पाळी आली आणि ती भराभर उंच झाली. एकदा न्हाऊ घालताना पाठ चोळायला गेले तर कुशीला पट्टा घासून लाल चट्टे, कातडी सोललेली. उजव्या बाजूच्या बरगड्या मागून वर आलेल्या.

"कधीपासून लागायलाय गं? कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगून काय करणार व्हतीस, आई? रस्ते बंदच हायत की."

रस्ते सुरू होताच निघालो. डॉक्टरांनी नवा एक्स-रे जुन्याशेजारी धरला; वाक खूप वाढला होता. आता ब्रेसचा उपयोग नव्हता. स्पायनल फ्यूजन करायचं ठरलं: मणक्यांत स्क्रू आणि सळ्या बसवून कणा सरळ करायचा, मग ते मणके कायमचे जुळून येतात. धोका पायांना: कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली तर पायांतली ताकद जाऊ शकत होती. थांबलो तर फुप्फुसांना जागा उरणार नाही. ऑपरेशन दुसरे सर्जन करणार होते.

भरती होण्याआधी कोरोनाची तपासणी झाली. ना ताप, ना खोकला, तरी गौरीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. बॅगा न उघडताच परत आलो. ती बरी झाली तोवर दुसरी लाट आली आणि ठरलेली सगळी ऑपरेशनं थांबली. घरात कुणी तो विषय काढत नव्हतं. जिना चढताना गौरी मधेच थांबायची, आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघायची.

शेवटी बोलावणं आलं. एकालाच आत सोडत होते. गौरीचे अप्पा गेटबाहेर, मी आत. गौरीला ऑपरेशनला नेल्यावर बाकावर बसून फक्त त्या दाराकडे बघत राहिले.

सर्जन बाहेर आले. मास्क, वर टोपी. चेहऱ्यावरून काहीच कळेना. "शुद्धीवर येऊ द्या. पाय हलवले की बोलू."

बऱ्याच वेळाने सिस्टरने मला पांढरा पोशाख चढवून आत घेतलं. सर्जन तिच्या पायांशी उभे होते. "गौरी, बोटं हलव."

काहीच नाही.

त्यांनी पुन्हा सांगितलं. तळवा तसाच. मला राहवेना. "गौरे, हलीव की गं माझे बाय."

डाव्या पायाचा अंगठा हलला. मग उजवा.

मी बाहेर येऊन तिच्या अप्पांना फोन लावला. "हलवली," एवढंच म्हणाले. पलीकडून नुसतं "व्हय, व्हय" येत राहिलं.

गौरीची पाठ आता पूर्वीसारखी वाकत नाही. ती खाली बसून चप्पल घालते. वेळेत दाखवता आलं असतं तर कदाचित पट्ट्यावरच भागलं असतं; ते आता कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या घरी असं मूल असेल तर एवढंच करा: त्याच्या "बरं आहे" वर थांबू नका, सदरा काढून पाठ स्वतः बघा. जाता आलं नाही तर फोटो डॉक्टरांना पाठवा.

परवा तपासणीला गेलो. केबिनबाहेर एक गृहस्थ थांबून म्हणाले, "कशी आहेस, गौरी?" आम्ही दोघी त्यांच्याकडे बघतच राहिलो. सर्जनना आम्ही मास्कशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. आवाजावरून आधी गौरीनेच ओळखलं. ती चटकन उभी राहिली, त्यांच्या खांद्याला खांदा लागेल एवढी उंच.