डाव्या फुलबॅकचं स्थळ

आमच्या गिरणीच्या फुटबॉल संघाची खरी परीक्षा दिवाळीनंतरच्या स्पर्धेत, म्हणजे सीझनला होते, असं सगळं सोलापूर मानायचं. आमच्या घरात मात्र ती आश्विनातच उरकलेली असायची. स्पर्धेच्या आधी महिनाभर गिरणीचा संघ गावातल्या पेठांच्या संघांशी प्रॅक्टिस मॅच खेळायचा. त्या बघायला फारसं कोणी फिरकत नसे. आम्ही दोघं मात्र कधी चुकलो नाही. दोघं म्हणजे माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, आणि मी.

अप्पा त्याच गिरणीत विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मागवाल्यांचे मुकादम होते. एखादा माणूस मागासमोर कसा उभा राहतो, एवढ्यावरून तो टिकणार की नाही हे ते सांगायचे. तोच कायदा त्यांनी ग्राउंडवर लावला होता. "फायनलला काय, समदेच पळत्यात. लोक बघाय लागले की लंगडं बी पळतंय. कोण बघत नसताना जो पळतो त्यो आपला," असं त्यांचं मत. चाळीतले लोक स्पर्धेच्या आधी अप्पांना विचारायला यायचे, यंदा कसं काय. अप्पा जे सांगायचे ते बहुतेक वेळा खरं व्हायचं, आणि नाही झालं तर त्या वर्षी पंच वाईट असायचा.

बसायची जागाही त्यांची ठरलेली. मधोमध खुर्च्या टाकलेल्या असायच्या, तिथे गिरणीचे साहेब लोक. आम्ही कोपऱ्यावरच्या झेंड्याजवळ पोतं अंथरून बसायचो. मधून फक्त बॉल दिसतो, पाय बघायचे असतील तर कोपऱ्यावरच बसावं, हे मी त्यांच्याकडून शिकले. अख्ख्या ग्राउंडवर बाई म्हणून मी एकटीच. सुरुवातीला लोक वळून बघायचे, पुढे त्यांना सवय झाली. सवय नाही झाली ती स्थळांना. कापडाचं दुकान असलेल्या एका मुलाने लग्नानंतर हे बंद होईल ना, असं विचारलं होतं. मी म्हटलं, दुकान बंद होईल का? ते स्थळ तिथेच संपलं. मी महापालिकेच्या शाळेत मास्तरीण होते, माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागली होती, आणि आईचा, म्हणजे आमच्या अव्वाचा, जीव टांगणीला लागला होता.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या वर्षी गिरणीने काही नवे खेळाडू घेतले. हजेरीपटावर कोणी कारकून, कोणी स्टोअरमधला मदतनीस, पण पगार होता तो फुटबॉल खेळण्याचा. त्यातला एक डावा फुलबॅक, म्हणजे डावीकडून बचाव करणारा, वळसंग गावचा होता. आमच्यातलाच, घरात कानडी-मराठी दोन्ही बोलणारा, सोलापुरात बोर्डिंगात राहून शिकलेला. त्याचे मामा एका सकाळी आमच्या घरी आले आणि त्याचं स्थळ सांगून गेले. मामांनी घर सांगितलं, भावाची शेती सांगितली, स्वभाव सांगितला. अप्पा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "डावा पाय कसा हाय?"

मामांना वाटलं, मुलाच्या पायात काही खोट असल्याची कुणकुण यांना लागली आहे. ते घाईघाईने म्हणाले, "न्हाय ओ, दोन्ही पाय चांगले हायेत."

"ते बघतो की आमी," अप्पा म्हणाले. "तुमी पोरगी बघाय यायच्या आधी आमी पोरगं बघतो. दोन म्याच ऱ्हायल्यात."

अव्वाने कपाळावर हात मारला. तिला मुलगा पसंत होता. "हुडुगा चलो अदान, साकु," पोरगा चांगला आहे, बास, असं ती दोन दिवस म्हणत राहिली. अप्पांनी मला एवढंच सांगितलं, की तू पण बघ, आणि मला न विचारता ठरव. हे त्यांचं मला फार आवडायचं. आमच्या आळीत मुलीला असं सांगणारे बाप मी फार पाहिले नाहीत.

पहिली मॅच पूर्व भागातल्या विणकर पोरांशी होती. दिवसभर माग चालवून आलेली तेलुगू पोरं, अनवाणी. गिरणीच्या पायात बूट. दरवर्षी हे असंच चालायचं आणि त्यात कोणाला वावगं वाटत नसे, पोरांना तर नाहीच. बूटवाल्यांना अनवाणी पायाने चकवण्यात त्यांना काय गंमत यायची ती त्यांनाच ठाऊक. एरवी मी त्या मॅचमध्ये सगळा संघ बघितला असता. त्या दिवशी मी लाजत नव्हते, पण डाव्या कोपऱ्यावरून नजर हलत नव्हती, हे खरं.

आधी संघाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. संघ वाईट नव्हता, पण एकमेकांना ओळखत नव्हता. बाहेरून आणलेला सेंटर फॉरवर्ड बॉल मिळाला की कोणाला द्यायचा नाही, आणि गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. मधली फळी त्याच्यावर चिडून बॉल उगीच उंच मारत होती. गोलकीपर तेवढा जागा होता. अप्पा त्याच्याकडे बघून मान हलवायचे, म्हणजे त्याचं ठीक चाललं होतं.

आणि डावा फुलबॅक. पळायला उत्तम, जागेवर नेमका, बॉल कुठे येणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. पण बॉल दोघांच्या मधोमध पडला आणि समोरून पोरगा धावत आला, की तो शेवटच्या क्षणी पाय काढून घ्यायचा. मधल्या खुर्च्यांवरून ते दिसलं नसतं. कोपऱ्यावरून लख्ख दिसत होतं. हाफटाइमला बाजू बदलल्या तेव्हा आम्ही पोतं उचलून त्याच्यामागे समोरच्या कोपऱ्यावर गेलो. तिथेही तेच. मॅच कशीबशी बरोबरीत सुटली.

"अंग चोरतोय," अप्पा घरी येताना म्हणाले.

मी म्हटलं, "अप्पा, समोरची पोरं अनवाणी होती. त्याच्या पायात बूट. पाय घातला असता तर पोराची नडगी फुटली असती. मागावर पायाने काम करणारी पोरं ती."

अप्पांनी खांद्यावरचं पोतं सारखं केलं. मला मात्र माझंच म्हणणं इतकं पटलं की रात्री जेवताना अव्वालाही ते मी रंगवून सांगितलं. खरं सांगायचं तर त्या जेवणातच मी त्या माणसाच्या अर्धी प्रेमात पडले होते. ज्याच्याशी एक अक्षर बोलले नव्हते, त्याच्या एका मागे घेतलेल्या पायावर मी केवढा तरी चांगुलपणा उभा केला.

दुसरी मॅच किल्ल्यामागच्या एका मोहल्ल्यातल्या पोरांशी होती. तीही अनवाणी, पण चपळ आणि तोंडाने तिखट. शेवटी शेवटी बॉल गिरणीच्या गोलसमोर सुटा पडला. फुलबॅक त्याच्या अगदी जवळ होता. समोरून एक बारकेलं पोरगं आलं. फुलबॅकने पाय उचलला आणि मागे घेतला. पोराने तसाच पुढे जाऊन गोल मारला. गिरणीचा पगारी संघ गल्लीतल्या पोरांशी हरला. पोरं नाचायला लागली, "भागो रे, बूटवाले भागो," म्हणून ओरडायला लागली. साहेब लोक खुर्च्यांवरून उठून गेले. तो एकटा कमरेत वाकून उभा होता, आणि कोणी त्याच्या पाठीवर हातही ठेवला नाही.

अप्पांनी पोतं झटकलं. "नको," ते म्हणाले. "मामाला निरोप धाडतो. ज्यो प्राक्टिसला पाय काढून घेतो, त्यो सौंसाराला बी काढून घील."

"अप्पा, पण त्या पोराला लागलं असतं," मी म्हटलं.

"तुला तसं वाटतंय. मला तसं दिसत न्हाय. त्याची मान बघ. पोराकडं न्हवती, सोताच्या पायाकडं हुती."

मला राग आला. इतक्या वर्षांत अप्पांचा अंदाज मी कधी खोडला नव्हता, कारण माझाही बहुधा तोच असायचा. ग्राउंडवर बघायला त्यांनीच शिकवलं, आणि आता आम्ही दोघं एकाच पायाकडे बघून दोन वेगळ्या गोष्टी सांगत होतो. मी म्हटलं, "निरोप धाडू नका. येऊ द्यात त्यांना. मी विचारते." अप्पांनी पोत्याची घडी घातली. मग म्हणाले, "विचार. पण उत्तर आल्यावर माझ्याशी खोटं बोलायचं न्हाय."

रविवारी मंडळी आली. मामा, मामी आणि तो. मी पोहे आणले, चहा आणला, विचारलं ते सांगितलं. मामींनी मला कडक भाकरी येते का विचारलं, मी येते म्हटलं, अव्वाने चेहरा शक्य तेवढा सरळ ठेवला, कारण माझ्या कडक भाकऱ्या घरात कोणी खात नसे. तो फार बोलला नाही. जवळून बघितल्यावर तो ग्राउंडवर दिसायचा त्यापेक्षा लहान वाटला. अप्पा भिंतीला टेकून बसले होते.

पोहे झाल्यावर तो हात धुवायला मागच्या परसात आला. त्याच्या हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन मला पाठवलं, एवढीच आमच्याकडे बोलायची सोय. मी पाणी घातलं आणि विचारलं, "दोन्ही मॅच मी बघितल्या. तुम्ही पाय काढून घेत होता. त्या पोरांच्या पायात बूट नव्हते म्हणून ना?"

आता आठवलं की कळतं, मी विचारलं नव्हतंच. उत्तर हातावर ठेवून वर पाणी घातलं होतं. त्याने फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हणाला असता तर मी हरखून गेले असते, अप्पांशी भांडले असते आणि जिंकलेही असते.

त्याने हात झटकले.

"न्हाय," तो म्हणाला. "त्या पोरांचं मनात बी आलं न्हाय माझ्या. मला लागंल म्हणून काढला."

तांब्यातलं पाणी तसंच.

"गिरणीनं मला पायासाठी ठेवलंय ओ. शिझनच्या आधी पाय मोडला तर मला कोण ठेवून घेणार? पुन्ना वळसंग, पुन्ना भावाच्या दारात. म्हणून भ्या वाटतं. त्या दिवशी गोल झाला तवा लाज वाटली, पण पाय आपसूक मागं आला." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमाला चांगलं वाटावं म्हणून दुसरं काय सांगायचं, ते मला जमत न्हाय."

तो आत गेला. मी परसातच उभी राहिले. पहिल्यांदा मला त्याचा राग आला, मी त्याला इतकं मोठं केलं आणि त्याने ते खाली ठेवून दिलं म्हणून. मग मला स्वतःचं हसू आलं. आणि त्यानंतर एक गोष्ट लख्ख दिसली. हा माणूस अडचणीच्या जागी उभा होता. समोर सोपी वाट होती, आणि ती मीच करून दिली होती. ग्राउंडवर त्याने दोनदा पाय काढून घेतला होता. इथे नाही घेतला.

अप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते. "काय म्हणला?" त्यांनी हळूच विचारलं.

खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी म्हटलं, "तुमचं खरं निघालं. अंग चोरत होता. पोरांसाठी नाही, स्वतःसाठी. भीती वाटते म्हणाला."

अप्पांचा चेहरा उजळायला हवा होता. तसा तो उजळला नाही. "असं त्यो सोता म्हणला?"

"मी दुसरं उत्तर दिलं होतं त्याला. त्याने घेतलं नाही."

अप्पांनी मागे वळून चुलीतलं लाकूड पुढे सारलं. आतून मामींचं बोलणं ऐकू येत होतं.

"मंग?" ते म्हणाले.

"मला हाच पाहिजे, अप्पा."

"संघात नको, आन घरात पाहिजे?"

"हो."

"शिझनला तरी खेळंल न्हवं?"

"ते मला कसं माहीत असणार?" मी म्हटलं, आणि मला रडू आलं. आनंदाचं की भीतीचं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जे ते कधी करत नसत, आणि धोतराचा सोगा सावरत बाहेरच्या खोलीत गेले. मी दाराआडून बघत होते. मामा काहीतरी बोलत होते ते थांबले. तो उठून उभा राहिला. नकार ऐकायला माणूस उभा राहतो तसा, हात मागे बांधून.

अप्पांनी त्याच्या पायांकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"शिझन हुईस्तोवर पाय जपा, जावईबापू," ते म्हणाले.