आल्याचा वास आलेली बाटली

ती घटना आजही मला क्रमवार आठवते. ऑगस्टचे दिवस होते आणि कोल्हापुरातील एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. बुधवारी सकाळची हजेरी आटोपत असताना राधानगरीकडची एक तरुणी ठाणे अंमलदारासमोर येऊन उभी राहिली. ती रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर होती आणि दोन वर्षे बेकार होती. साखर कारखान्याचा मुख्य रसायनतज्ज्ञ म्हणवणाऱ्या एका इसमाने प्रयोगशाळेत नोकरीचे आमिष दाखवून तिच्यासह अकरा जणांची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली होती. आता ती परत देण्यासाठी तो पैसे मागत होता.

"सोमवारी माझी मुलाखत हाय, साहेब," ती म्हणाली. "न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. मूळ कागद न्हाईत म्हटल्यावर दारातनंच परत पाठवत्यात."

फिर्याद नोंदवून आम्ही सापळा लावला. पैसे देते असा फोन करून तिने त्याला शहरालगतच्या कळंब्याला बोलावले आणि दुपारी तो आमच्या ताब्यात आला. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं आणि पिशवीत हिरवट रसाची एक बाटली. चौकशीत तो जराही डगमगला नाही.

"कागद कारखान्यात जमा आहेत. आज सकाळी तिथूनच आलो. हा बघा गाळपाच्या रसाचा नमुना."

मी मूळचा विदर्भातला, उसाच्या हंगामाची मला फारशी माहिती नव्हती. त्याचा रुबाब पाहून मी कारखान्याला पत्र लिहायलाही घेतले. तेवढ्यात ऊसपट्ट्यातल्या बिद्रीकडचे आमचे हवालदार मोठ्याने हसले. "साहेब, गाळप दिवाळीच्या आसपास सुरू हुतंय. आत्ता कारखाना बंद हाय की! कुठला रस आन् कुठला नमुना?"

"हा गेल्या हंगामातला जपलेला नमुना आहे," आरोपीने लगेच सावरून घेतले.

खोटे पकडले गेले होते. पण कागद कुठे आहेत, ते कळले नव्हते. पंचांसमक्ष बाटली उघडून मी ती फिर्यादी तरुणीला दाखवली. तिने ती उजेडात धरली, हळूच वास घेतला.

"साहेब, इतका जुना रस असा हिरवा ऱ्हात न्हाय. ह्यो आजचाच हाय. आणि ह्यात आलं हाय. कारखाना रसात आलं घालत न्हाय, रसवंतीवाला घालतो."

"म्हंजे पावणं रसवंतीतनं थेट मुख्य रसायनतज्ज्ञ झालं म्हणा की!" हवालदार म्हणाले. आरोपीने प्रथमच मान खाली घातली.

भर पावसाळ्यात कळंब्याच्या आसपास एकच रसवंती चालू होती. मालकाने फोटो पाहताच ओळखले.

"व्हय, वरच्या खोलीत भाड्यानं ऱ्हात्यात. रोज बाटली भरून नेत्यात. लिंबू, मीठ घालू नको म्हणत्यात."

"मग आलं कसं आलं?"

"ते काय वरनं घालाय लागतंय व्हय? उसाबरूबरच चरकात जातंय!"

खोलीच्या झडतीत अकरा फायली जशाच्या तशा मिळाल्या. पंचनामा करून आम्ही न्यायालयात तातडीने अर्ज केला आणि शुक्रवारी सायंकाळी प्रमाणपत्रे ज्याची त्याला परत दिली.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. आपल्या विषयातील नोकरी म्हणजे एकाच पाटीखालची एकच खुर्ची, असे पदवीधर धरून चालतात आणि अशा भामट्यांचे फावते. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाची गरज दूध संघाला आहे, माती परीक्षण केंद्राला आहे, औषध कारखान्याला आहे आणि त्या दिवशी माझ्या ठाण्यालाही होती. म्हणून सल्ला मागायला येणाऱ्या तरुणांना मी पदवीचे नाव विचारत नाही. तुम्हाला काय ओळखता येते, काय तपासता येते, ते आधी कागदावर लिहा, असे सांगतो.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला.

"साहेब, निवड झाली! मुलाखतीत विचारलं, कामाचा अनुभव किती?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, एक गुन्हा उघडकीला आणलाय. फिर्याद बी माझीच हुती!"