उशाशी ठेवलेली थाळी

ऐका बरं, आत्ताच साखरा गावाहून आले. मी नर्स आहे. एकट्या राहणाऱ्या सखूमावशींचं बीपी तपासायला गेले, तर उशाशी पितळी थाळी आणि चमचा!

"हे काहून, मावशी?"

"एकाएकी तकलीफ झाली तर वाजवायची. शेजारच्या येतेत."

"कितीदा वाजवली?"

"सात वर्सांत एकदाबी न्हाई. पण हाय म्हणून झोप लागते."

मशीन आवरताना माझाच हात लागून थाळी खणकन पडली. मिनिटभरात तिघीजणी दारात! एकीचे हात पिठाने माखलेले, दुसरीच्या कडेवर रडतं लेकरू. मी ओशाळून थाळी उचलली.

मावशी मात्र शांत. "म्या म्हणलं नव्हतं?"

हिंगोलीत मी फ्लॅटमध्ये एकटी राहते. घरी येऊन मीही थाळी हातात घेतली. पाडायची हिंमत झाली नाही. तुमची होईल?