बेलच्यावरचं वांगं

इंजिनाविषयी कुणी वाईट बोललेलं बन्सीधरला खपत नाही, आणि खरं सांगायचं तर चांगलं बोललेलंही फारसं खपत नाही. धूर होता, काजळी होती असं कुणी म्हटलं की तो अंगावर जातो. ‘काय तो काळ, काय ती शिट्टी’ म्हणून कुणी डोळे मिटले की विचारतो, “तुमी कवा बेलचा मारला?” बेलचा म्हणजे भट्टीत कोळसा टाकायचं रुंद फावडं. पूर्णेच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं होती तोवर बन्सीधर त्यांवर फायरमन होता, आणि त्याचा ड्रायव्हर होता पेडगावचा तात्याराव.

मनमाडच्या बाजूची गाडी क्रॉसिंगसाठी मानवत रोडला अडकली की बन्सीधर बेलचा भट्टीत धरून लाल करायचा, कापडानं पुसून त्यावर तेल चोळायचा आणि काटेरी वांगी ठेवायचा. वांगी रुळाकाठचे शेतकरी द्यायचे. बदल्यात इंजिनाचं उकळतं पाणी चहाला न्यायचे. वांगं भाजलं की पहिला घास भट्टीचा, दुसरा ड्रायव्हरचा, तिसरा फायरमनचा. मग दोघं भाकरी मोडून त्याच बेलच्यावरून जेवत.

आता तात्याराव गावातल्या मोठ्या घरातला आणि बन्सीधर गावकुसाबाहेरचा. इंजिनावर हे कुणाच्या लक्षात राहत नसे, कारण काजळीनं दोघंही सारखेच काळे. खाली उतरलं की लक्षात यायचं. नोकरीच्या सुरुवातीला तात्यारावाच्या बहिणीच्या लग्नाला बन्सीधर हौसेनं पेडगावला गेला होता. त्याला गोठ्याजवळ बसवलं, आणि वळचणीला खोचून ठेवलेला कानतुटका कप काढून त्यात चहा दिला. तात्याराव समोरच उभा होता. त्यानं कपाकडे पाहिलं, बन्सीधरकडे पाहिलं आणि मांडवाच्या दोऱ्या तपासायला निघून गेला. दोन दिवसांनी इंजिनावर दोघांनी एकाच बेलच्यावरून वांगं खाल्लं. त्या कपाविषयी तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही, पुढेही नाही.

मीटरगेज गेलं, वाफ गेली, दोघं निवृत्त झाले. शेड मोडली तेव्हा बन्सीधरनं भंगारवाल्याशी हुज्जत घालून आपला बेलचा तेवढा सोडवून आणला. तो आजही त्याच्या दाराआड उभा असतो.

यंदा तात्यारावाच्या सहस्रचंद्रदर्शनाचं आमंत्रण आलं. त्याचा मुलगा महारुद्र फोनवर म्हणाला, “बन्सीमामा, दादाला तुमची लय आठवन येते. यायलाच पायजे.” बन्सीधरनं लोहाराकडून थोडा दगडी कोळसा आणला, बाजारातून काटेरी वांगी निवडून घेतली आणि बेलचा पोत्यात गुंडाळला.

बायको, सुमनबाई, दारात आडवी उभी राहिली. “कार्य हाय तिथं. जुनं भांडान उकरायला जाऊ नका.”

“भांडायला न्हाई, जेवायला जायलो.”

“मंग फावडं कशाला?”

“जेवायलाच.”

ती समजायचं ते समजली आणि बाजूला झाली. बन्सीधरला एकच गोष्ट बघायची होती. तात्याराव इंजिनावर जे खात होता, ते तो आपल्या अंगणात, आपल्या भावकीसमोर खातो का? खाल्लं, तर ती सगळी वर्षं खरी होती. नाही खाल्लं, तर मग आठवणींत काही राम नाही, आणि येताना बेलचा भंगारात टाकून यायचा, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

गाडीत शेजारी बसलेल्या एका शिकलेल्या पोरानं पोत्यातून डोकावणारं फावडं पाहून विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाला, “बरं झालं आजोबा, वाफेची इंजिनं गेली. किती धूर असंल. आता बघा, कसं स्वच्छ.”

“स्वच्छ हाय,” बन्सीधर म्हणाला. “आमी काळे होतो. पन सगळेच काळे होतो.” पोराला ते कळलं नाही, आणि बन्सीधरही समजावत बसला नाही. तेवढ्यात पेडगाव आलं.

मांडव मोठा होता. फलकावर तात्यारावाच्या फोटोशेजारी इंजिनाचं चित्र होतं, तेही कुठल्या तरी परदेशातलं, लालभडक, मागे बर्फाचे डोंगर. परभणीच्या उन्हात ते बर्फ पाहून बन्सीधरला हसू आलं. तात्याराव खुर्चीत बसला होता, वाळून काटकी झालेला, डोळ्यांना अंधुक दिसणारा. सुनेनं, राजेश्रीनं, दिव्यांचं ताट ओवाळलं. मग गावचे निवृत्त हेडमास्तर व्यंकटराव वाफेच्या युगावर बोलायला उठले आणि बसायला विसरले. इंजिनाची शिट्टी, धुराची वेणी, सोन्याचे दिवस. सोन्याचे म्हणे. तळहाताची सालटी निघायची त्या सोन्यानं, हे हेडमास्तरांना कुणी सांगावं? लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या.

जेवणं सुरू झाली. टेबलांवर स्टीलची ताटं मांडली होती. बन्सीधर एका ताटापुढे बसणार इतक्यात महारुद्र लगबगीनं आला आणि त्याच्या दंडाला धरून अदबीनं म्हणाला, “मामा, तुमची सोय तिकडं केलीय. निंबाखाली. सावली बी हाय.”

निंबाखाली मांडववाले आणि ढोलवाले बसले होते. त्यांच्यापुढे कागदी पत्रावळ्या होत्या. एक बन्सीधरच्या हातात आली. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही, सगळे ‘मामा, मामा’ करत होते, आणि जेवण झालं की ती पत्रावळ उकिरड्यावर जाणार होती, कुणाला घासायला नको. कप तरी पुन्हा वापरायचे, असं बन्सीधरच्या मनात आलं, आणि इतक्या वर्षांचा राग तोंडाशी आला.

त्यानं पत्रावळ जागच्या जागी ठेवली. पोतं उचलून तो थेट आचाऱ्याच्या चुलाणाकडे गेला. घमेलंभर विस्तव मागून घेतला, त्यात दगडी कोळसा पसरला आणि घमेलं आणून ठेवलं ते बरोबर मांडवाच्या मध्ये, तात्यारावाच्या खुर्चीपुढे. पिवळा धूर उठला. बायका पदर नाकाला लावून खोकू लागल्या. बन्सीधरनं बेलचा तापवला, पुसला, तेल चोळलं आणि वांगी मांडली.

महारुद्र कानाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाला, “मामा, हे काय करायलाव? पाव्हणे हायत. आज नको.”

“तुझ्या बापाची तारीफ ऐकली न्हाई का आता? तेचंच जेवन रांधायलो.”

“लोक काय म्हनतील?”

“ते मला बी ऐकायचंय,” बन्सीधर म्हणाला, आणि वांगं उलटवलं.

महारुद्रनं घमेलं उचलायला हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. भावकीतले दोघंतिघं उठून उभे राहिले. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. दगडी कोळशाचा धूर लाकडासारखा नसतो, नाकात टोचतो, आणि ज्यानं तो जन्मभर ओढला त्याला झोपेतही कळतो.

“भट्टीवर कोन हाय?” तात्यारावानं विचारलं.

“मी हाय, ड्रायव्हरसाब. बन्सी.”

बन्सीधरनं वांगं मधोमध फोडलं, मीठ भुरभुरलं, एक घास विस्तवात टाकला आणि बेलचा दोन्ही हातांनी खुर्चीपुढे धरला. राजेश्री ताट-चमचा घेऊन धावत आली. “मामा, ह्यात काढून देते दादांला. भाजंल न्हाई तर.”

तात्यारावानं हातानं ताट बाजूला सारलं. मग बराच वेळ तो नुसता बेलच्यावरून येणारी धग तोंडावर घेत बसला. बन्सीधरला वाटलं, झालं, हा आता दोऱ्या तपासायला निघाला.

“बन्सी,” तो म्हणाला, “आज आधी तू खा.”

“दुसरा घास ड्रायव्हरचा असतो.”

“इंजिनावर. हे माझं घर हाय.” तात्यारावाचा आवाज बारीक होता, पण ऐकणाऱ्यांना ऐकू जात होता. “माझ्या भैनीच्या लग्नात तुला कप दिला, तवा मी तोंड फिरवलं. तुला आठवतं का न्हाई, मला म्हाईत न्हाई. मला आठवतं. तू खा, मंग तुझं उष्टं मी खातो.”

बन्सीधरच्या डोळ्यांतून पाणी आलं. धुरानं आलं असं तो आजही सांगतो. त्यानं वांग्याचा एक घास घेतला. तात्यारावानं चाचपडत त्याच वांग्याला हात घातला, जिथून बन्सीधरनं तोडलं होतं तिथूनच तोडलं, आणि बोटं चाटूनपुसून खाल्लं. उभे राहिलेले भावकीवाले उभेच राहिले, कारण आता बसायचं कसं ते त्यांना सुचेना. तात्यारावानं दुसरा घास मागितला.

वांगी संपली तेव्हा राजेश्री पुढे आली. तिच्या डोळ्यांतही पाणी होतं. तिनं बेलच्याच्या दांड्याला हात लावला. “मामा, आना इकडं. मी धुवून देते.”

“बेलचा धुवायचा नसतो, बाई,” बन्सीधर म्हणाला. त्यानं तो निखाऱ्यांत खुपसला. “इस्तवात धरायचा. जे काय लागलेलं असंल ते जळून जातं.”

मग त्यानं एक रिकामी खुर्ची ओढली, तात्यारावाच्या खुर्चीला लावून ठेवली आणि तिच्यावर ऐसपैस बसला. महारुद्र भाजलेलं बोट तोंडात घालून समोर उभा होता. बन्सीधरनं त्याच्याकडे पाहिलं.

“माझं जेवन राह्यलंय अजून,” तो म्हणाला. “ताट आन. स्टीलचं.”

महारुद्र गेला, आणि घेऊन आला.